जीपमधला चहा

दादा,

तू जाऊन चार महिने झाले. रडलो लई, पण तुझा राग कधी आला नव्हता. ह्या आठवड्यात आला. वहिनी म्हणाली, "भांडी आपटू नका भाऊजी, जे हाय ते त्यांनाच सांगा." म्हणून लिहायला बसलो.

औशाच्या बळीरामकाकांची जीप आठवते ना? तिच्यात दुसरं इंजिन अन् गिअरबॉक्स बसवायचा होता. तुझ्यामागं आपल्या गॅरेजात माझं पहिलं एकट्याचं काम. तुझाच कोनमापक घेतला, दोऱ्याला नट बांधलेला. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे आणले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याला पाचर दिली. रिकामी जीप पळवून बघितली, थरथर नावाला न्हाई. वाटलं, दादानं पाठ थोपटली असती.

काका घरच्या आठ जणांना घेऊन माहूरला निघाले. घाटात शाफ्टचा जॉइंट तुटला. ड्रायव्हर हुसेनभाईंनी गाडी डोंगराच्या अंगाला दाबली म्हणून सगळे वाचले. काकांची नात अजून जीपमध्ये पाय ठेवत न्हाई.

हुसेनभाई मला म्हणाले, "माणसं बसवून कोन घेतला न्हाईस का? भरल्या गाडीत पाटे दबतात, कोन बदलतो. दादांनी शेवटी तरी सांगितलं असंल, असं वाटलं मला."

मला तुझा चहा आठवला. दर जीपला तू गिऱ्हाइकाला, शेजारच्या पंक्चरवाल्याला, दिसंल त्याला आत बसवायचास. "बसा हो, चहा घ्या," म्हणायचास अन् स्वतः गाडीखाली शिरायचास. औसा रोडच्या लोकांना वाटायचं, दादा लई मायाळू. मी खाली यायला वाकलो की म्हणायचास, "संजा, तू पण बस. दमलास."

अठरा वर्षं मला वाटलं, भावाला माझी काळजी हाय. तू तर मला वजन म्हणून बसवत होतास.

हुसेनभाईंनीच सांगितलं, त्यांनी एकदा तुला ह्या चहाचं विचारलं तेव्हा त्यांना खरं सांगितलंस. वर म्हणालास, "धाकट्याला सांगू नका, शिकला की नांदेडला वेगळं गॅरेज टाकंल." असं का वाटलं रे तुला? नांदेडहून दोनदा बोलावणं आलं, मी गेलो का? एकदा तोंडानं विचारायचं तरी. लई लागलं दादा. एवढ्यात माफ करणं जमणार न्हाई.

काल तीच जीप परत कामाला घेतली. आठ माणसं बसवली, चहा दिला, खाली जाऊन कोन बघितला, तर पार बिघडलेला. तुझी लेक पूजा आयटीआयवरून आली होती. सवयीनं ती पण जीपमध्ये चढायला लागली.

म्हणलं, "पूजा, तू खाली ये." कोनमापक तिच्या हातात दिला.

तिच्यापासून काही लपवणार न्हाई, हा माझा शब्द. उद्या तिनं समोरच वेगळं गॅरेज टाकलं तरी.

तुझा, कुठंच न गेलेला,
संजा