वहिनींच्या फरशीवरचे चार मासे

७ मे २००६, रवि.

वृंदावहिनींच्या कॉन्डोवर (बड्या सोसायटीतला फ्लॅट) जेवण. चाळीस कोथिंबीर वड्या तळून नेल्या. कौतुक झालं त्यांच्या गॅलरीतल्या मोगऱ्याचं. थोरल्या जावेच्या घरी मोगरासुद्धा जास्त फुलतो.

जेवण झाल्यावर माहितीपत्रक बाहेर आलं. जूनच्या सुट्टीत स्पेनचा समुद्रकिनारा. सकाळी संस्कृती, म्हणजे मातीकाम, जुनी चर्चेस, फरश्या रंगवणं, भात शिजवायला शिकणं. (भात! स्पेनला जाऊन!) दुपारी कयाक, पोहणं, डोंगर. 'फॅमिली हॉलिडे', चौघांची.

"पण तुम्ही तर तिघंच," मी बोलून गेले. तेच नडलं.

"म्हणूनच म्हणते, मुक्ताला पाठव आमच्याबरोबर. आमचा ओम एकटा कंटाळतो गं."

मुक्ता तिथेच उभी. अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? वहिनींना ते बरोबर माहीत होतं. दादा (मोठे दीर) हसत होते. संजय मान खाली घालून दुसऱ्यांदा आमरस घेत बसला.

९ मे

संजयला म्हटलं, आपण नेऊ की तिला कधीतरी. म्हणाला, कधी? तुआसच्या प्लँटमधून त्याला सलग चार दिवस रजा मिळत नाही. गेल्या वर्षी बिंतान बेटावर दोन दिवस, त्यातला एक पावसात.

"जाऊ दे ना पोरीला. तुझ्या पोटात दुखतंय म्हणून तिनं का थांबायचं?"

मी म्हटलं, माझ्या पोटात काही दुखत नाही. दुखतंय. इथे लिहायला काय हरकत आहे. ब्रोशरमधला तो निळा समुद्र बघितल्यापासून दुखतंय.

२० मे, शनि.

व्हिसाचे कागद. दादा-वहिनी आता इथले नागरिक, त्यांना काही लागत नाही. आमची मुक्ता भारतीय पासपोर्टवाली, तिला सगळं लागतं. त्यात एक पत्र: आम्ही, मुलीचे आईवडील, तिला अमुक-अमुक यांच्यासोबत जाण्याची परवानगी देत आहोत. सोबत्याचं नाव, नातं. नात्याच्या जागी 'आंट' लिहिलं आणि दोन अक्षरी... नाही, किती का अक्षरं असेनात, ते लिहून बरं वाटलं. आंट. आई नव्हे.

सही करताना मुक्ता खांद्यावरून बघत होती. "आई, साइन प्रॉपर्ली ला, नाहीतर दे वोंट लेट मी गो." (इथल्या पोरांसारखं प्रत्येक वाक्याला 'ला'.)

३ जून, शनि.

गेली.

टॅक्सी खाली आली तेव्हा तळहातावर दही-साखर दिली. वहिनींनी पण हात पुढे केला, "मला पण दे गं, आता तूच एक आहेस देणारी." सासूबाई गेल्यापासून त्यांना दही कोणी दिलं नसेल. दिलं. पण चमचा अर्धाच भरला. आता लिहिताना लाज वाटते.

मुक्ता टॅक्सीत वहिनींच्या शेजारी बसली. मागे वळून हात हलवला, पण एकदाच.

वर आले आणि झाडू घेतला. अख्खा फ्लॅट झाडला. मुक्ताच्या खोलीतल्या चिंध्या, कागद, पेन्सिलीची टरफलं, सगळं रागारागानं गोळा करून भिंतीतल्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकलं आणि झाकण आपटलं. मग एकदम आठवलं. माणूस गावाला निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढू नये. आई कधी काढायची नाही, सासूबाई तर झाडू लपवून ठेवायच्या. मी, एम.एस्सी. झालेली बाई, हातात झाडू घेऊन थिजले.

संजयला सांगितलं नाही. हसला असता.

५ जून

ई-मेलनं फोटो आले. मुक्ता मातीच्या चाकावर. मुक्ता लाइफ जॅकेटमध्ये. मुक्ता आणि वहिनी एका कयाकमध्ये, वहिनी मागे वल्हं मारतायत, निळा पोहण्याचा पोशाख, गॉगल. शेहेचाळीस वर्षांची बाई! मला तर टॅम्पिनीसच्या पोहण्याच्या तलावात उथळ बाजूलासुद्धा भीती वाटते. मुक्ता मला कधी म्हणाली नाही आई पाण्यात ये म्हणून. कशाला म्हणेल.

फोटो अकरा. सगळे तीनतीनदा पाहिले. मुक्ता सगळ्यांत हसतेय. एकातही जरा बिचारी दिसत नाही. हे वाक्य आईनं लिहिण्यासारखं नाही, पण लिहिलं.

७ जून

काल फोन नाही. आज दुपारी वहिनींचा मेसेज: 'मुक्ताच्या पायात समुद्रातल्या काटेरी सी अर्चिनचे काटे गेले. थोडा ताप. डॉक्टर येऊन गेले. काळजी करू नकोस.'

केर. माझा केर.

हॉटेलचा नंबर लागत नाही. कॉलिंग कार्ड संपलं, खाली जाऊन दुसरं आणलं. तरी लागत नाही. देवापुढे दिवा लावला आणि झाडू उचलून स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवला. आता लपवून काय उपयोग.

८ जून

लागला. मुक्ता: "आता पेन नाही गं आई. डॉक्टरनं थोडेच काढले, बाकीचे काकूनं काढले सुईनं. शी इज डॅम गुड ला. आय डिडंट इव्हन क्राय."

माझ्याकडे साधं कुसळ काढायचं तरी घर डोक्यावर घेते ही. आणि त्यांच्यापुढे रडली नाही.

वहिनी फोनवर आल्या. म्हणाल्या, पाय मांडीवर घेऊन बसले होते बराच वेळ. मी "थँक यू वहिनी" म्हटलं. खरंच वाटत होतं थँक यू. पण त्या जागी माझी मांडी का नव्हती, याचाही राग येत होता. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

१२ जून, सोम.

आली. काळी झालीय. पायाला छोटी पट्टी. अर्धं जेवण होईपर्यंत बोलत होती: तिथला भात खाली मुद्दाम करपवतात आणि तोच भाग सगळ्यांना हवा असतो. (आमची खरवड! घरी तोंड वाकडं करते.) मग अगदी सहज:

"पॉटरीवाली बाई काकूला माझी मम समजत होती. एव्हरीवन डिड. सरनेम सेम ना."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"एव्हरी टाइम एक्स्प्लेन करायला सो बोअरिंग ला. मी यस म्हटलं."

संजयनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पानात भात वाढला. जास्तच वाढला गेला.

१६ जून

मुक्ताशी धड बोलले नाही चार दिवस. आज तिनं विचारलं, "आई, मी काही केलं का?" नाही म्हटलं. लेकराचं काय चुकलं? ती आठ दिवस परक्या लोकांना 'हो' म्हणाली, एवढंच. मी मात्र ते 'हो' घासून-घासून धार लावत बसलेय.

२५ जून, रवि.

उद्या शाळा. वहिनींनी जेवायला बोलावलं. जायचं नव्हतं, मुक्तानं ओढत नेलं.

कॉन्डोच्या दाराशी, बेलच्या वर, नवी फरशी. निळी-पांढरी. वर आमचं आडनाव. दादांचं म्हणजे आमचंच, वेगळं कुठून आणणार. खाली चार मासे, दोन मोठे, दोन छोटे. तिथे प्रत्येक कुटुंबानं एक करायची असते म्हणे. मुक्तानं बोट लावून दाखवलं: "हा काका, ही काकू, हा ओम, ही मी."

चपला काढायला वेळ लावला.

आत गेल्यावर वहिनींना म्हटलं, हसत-हसतच, "छान आहे हं फरशी. माझी मुलगी तुमच्या दारावर लागली की."

त्या हसल्या नाहीत. हातातली वाटी खाली ठेवली. "नीलिमा, तो दुसरा मोठा मासा तू असायचीस. यांना रजाच मिळत नव्हती. म्हणून एप्रिलमध्येच संजयला विचारलं होतं, नीलिमा आणि मुक्ता येतील का म्हणून. तो म्हणाला, तिला नको आहे. मग यांनी कशीबशी रजा काढली."

संजय बाहेर गॅलरीत मोगरा बघत होता. दहा मिनिटं एकच मोगरा.

२६ जून

सकाळी बसस्टॉपपर्यंत संजयबरोबर गेले. घरी मुक्तापुढे नको होतं.

"मला न विचारता नाही का म्हणालास?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"ते मी ठरवलं असतं."

"नीलिमा, तू नाही म्हणाली असतीस. आणि वर वर्षभर ऐकवलं असतंस, की त्यांनी आपल्यावर उपकार करायला बघितले."

बस आली, गेला. मी स्टॉपवरच बसले. खोटं काय बोलला? अक्षरन् अक्षर खरं. म्हणून जास्त राग आला. माझं 'नाही' मला स्वतःला म्हणायला मिळालं नाही. आणि कोण जाणे, कदाचित तेव्हा... पण आता कसं कळणार.

२ जुलै

संजय "चुकलं" म्हणाला. भाजी निवडताना, भाजीकडे बघत. मी "हं" म्हटलं. सध्या एवढंच.

१९ ऑगस्ट, शनि.

वहिनींचा फोन. पुढच्या जूनचं आत्ताच ठरवायचं असतं. या वेळी दादांना खरंच जमणार नाही. तेच गाव, तोच किनारा.

"उद्यापर्यंत नाव सांग. या वेळी संजयला विचारत नाही, तुलाच विचारतेय."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मुक्ताचं धरलंच आहे मी."

धरलंच आहे. माझ्या मुलीचं. मला विचारायच्या आधी.

"सांगते," म्हटलं आणि ठेवला.

मुक्ता सोफ्यावर पुस्तक वाचत होती. पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "आई, तू आलीस तर यू मस्ट लर्न स्विमिंग फर्स्ट. कयाक उलटली तर मी कोणाला धरू?"

काकूला धर, हे जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

२० ऑगस्ट, रवि.

सकाळी तलावावर जाऊन आले. एकटीच. बायकांचा वर्ग शनिवारी सकाळी असतो. माझ्याहून मोठ्या दोघी फळ्या धरून पाय मारत होत्या, एक हसत होती. फॉर्म आणला आहे, भरलेला नाही.

येताना मॉलमध्ये पोशाख बघितले. निळा सगळ्यांत बरा होता, पण निळा वहिनींचा. काळा एक बाजूला ठेवायला सांगितला. दुकानातली मुलगी संध्याकाळी सातपर्यंत ठेवते म्हणाली.

आता पाच वाजलेत. वहिनींना अजून फोन केला नाही.