नातीचे मासे आणि तुझ्या गोळ्या

माय, तुझी पणती मासे पाळते. खायला नाय, अभ्यासाला. माझ्या लेकीची लेक ही, तू पाहिलीच नाहीस तिला. नाक तुझं आहे, बसकं, आणि तोंड माझं, सुरू झालं की थांबत नाय. इथंच शहरात कॉलेजात पीएचडी करते. मी गल्लीत दिसेल त्याला धरून सांगते, आमची पोर माशांच्या डोक्याचा अभ्यास करते म्हणून. शेजारची भाभी हसते, "मावशी, मछली के बी सर में दरद होता क्या?" हसू दे. मला लई आनंद आहे तिचा. चौथीपर्यंत शिकलेली मी, चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात, तरी आज वही घेऊन बसले, कारण हे तोंडानं कुणाला सांगता येईना. तुझ्या गोळ्यांचं सांगायचंय. पण आधी मासे सांगते, नायतर तुला कळायचं नाय की इतक्या वर्षांनी गोळ्या कुठून निघाल्या.

परवा पोरगी डबा विसरून गेली. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, सगळं ओट्यावर तसंच. मी रिक्षा केली आणि गेले. दारातच तिनं माझ्या चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, जसं काही मी देवघरात चालले. आत बघते तर भिंतीला लागून काचेच्या टाक्याच टाक्या, आणि त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर निळ्या-काळ्या आडव्या रेघा, पोरीनं शिसपेन्सिलीनं मारल्यासारख्या. झेब्रा मासे म्हणतात त्यांना. म्हटलं, "एवढ्याशा माशाचं कालवण तरी होईल का गं?" तर म्हणते, "आजी, हळू बोल, घाबरतील." त्यांचं पाणी रोज गाळायचं, रोज तपासायचं, कोमट ठेवायचं. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय, ड्रम भरता भरता कंबर मोडते, आणि यांची ही चैन! मी बोलले तसं, तर ती म्हणाली, "पाणी बिघडलं तर मासा बिघडतो, आणि मासा बिघडला तर माझी तीन वर्षं गेली."

मग तिनं मला एक गंमत दाखवली. ती म्हणाली गंमत. एका अरुंद टाकीसमोर कॅमेरा लावलेला. तिनं जाळीनं एक मासा उचलला, अलगद त्या नव्या पाण्यात सोडला. मासा सरळ तळाला गेला. कोपरा धरला आणि थांबला. नुसतं कल्ल्यांजवळ हलत होतं काहीतरी. बराच वेळ झाला तरी वर येईना. "आजारी आहे का?" मी विचारलं. "नाय गं, बावरलाय. जागा नवी, आणि सोबतीला कुणी नाय. थोड्या वेळानं चांगला मासा हळूहळू वर येतो. पण ज्याला आधी लई त्रास झालाय तो तळ सोडत नाय." मग दुसरा सोडला. तोही तसाच त्रास झालेला, पण ह्याला काही दिवस औषधाच्या पाण्यात ठेवलेलं. तोही आधी खाली गेला, आणि मग, माय, वर आला. पार वर, दिव्याच्या उजेडात, इकडून तिकडं फिरायला लागला. ती म्हणाली, हे औषध माणसांना देतात त्यातलंच, ज्यांचं मन बसतं त्यांना. "माशाला कसलं मन?" मी म्हटलं. तिनं खांदे उडवले. "मन आहे का ते मला नाय माहीत. पण घाबरला की त्याच्या अंगात जे पाझरतं तेच आपल्याही अंगात पाझरतं." शेवटी ह्यांचं काय करता म्हणून विचारलं तर म्हणाली, काहींना मारावं लागतं, मेंदू तपासायला. लपवलं नाय तिनं. डोळ्यात पाणी आलं तिच्या, पण लपवलं नाय.

मी तिथल्या स्टुलावर बसले ती उठलेच नाय. कारण तो पहिला मासा मी आधी पाहिलेला होता. बाबा गेल्यावर तुला आणि माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही देवगाव रंगारीहून इथं शहरात, छावणी भागातल्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. मला वाटलं, जागा बदलली की माणूस सुधारतं. तू पिठाच्या डब्याजवळचा कोपरा धरलास. जेव म्हटलं तर जेवायचीस, नायतर नाय. गावात तुझ्या दारात सकाळपासून बाया यायच्या. इथं तुला हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि मी शिलाईच्या मशीनवर. लोक म्हणाले बाहेरचं आहे, अंगारा लावा. तुझे जावईच शहाणे निघाले, मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, रोज जेवल्यावर एक, आणि बजावलं, मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आधी काहीच फरक नाय. मग महिनाभरानं एक दिवस तू आमटीचा घास घेतलास आणि म्हणालीस, "अगं, मीठ चिमटीनं टाकतेस का फावड्यानं?" माय, इतके महिने मुकी असलेली तू मला रागावलीस आणि मी हसत हसत बाहेर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तू स्वतःहून ओसरीत आलीस, ज्वारीचं सूप मागून घेतलंस, खडे निवडायला लागलीस.

त्याच दिवसांत धाकटीला बघायला अजिंठ्याची माणसं आली. पोहे झाले, सुपारी फोडायची बोलणी झाली. मुलाची आत्या हात धुवायला आत आली आणि देवळीत ठेवलेली तुझी पुडी तिनं उचलली. "ह्या कसल्या गोळ्या?" "गुडघ्याच्या," मी म्हणाले. तिनं पुडी उलटसुलट केली, दवाखान्यातल्या मनाच्या आजारांच्या वॉर्डाचा शिक्का वाचला, माझ्याकडं बघितलं आणि खाली ठेवली. एवढंच. पण मला वाटलं, तिनं ओळखलं. आई वेडी म्हणजे लेकीतही येणार, असंच धरायचे ना तेव्हा लोक. भरल्या ताटावरून स्थळं उठून जायची. ती माणसं गेली आणि मी सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, वर दोन तांबे पाणी. मनाला समजावलं, आता तू बरी झालीस, मीठ कळतंय, खडे निवडतेस, आता कशाला गोळ्या.

त्या रात्री जेवण झाल्यावर तू हात पुढं केलास. रोजच्यासारखा, तळवा वर. मी म्हणाले, संपल्या. तू हात मागं घेतला नाहीस. मग मी त्याच्यावर बडीशेप ठेवली. दुसऱ्या दिवशीही तू हात पुढं केलास, तिसऱ्याही दिवशी, आणि मी बडीशेप ठेवत गेले आणि तू ती खात गेलीस. किती दिवस ते आठवत नाय, की मीच आठवू देत नाय, ते मला ठरवता येत नाय. मग एक दिवस तू हात केलाच नाहीस. डब्याजवळ जाऊन बसलीस. धाकटीचं लग्न थाटात झालं, अक्षता टाकायला तुला दोघींनी धरून उभं केलं होतं. ती सुखात आहे, तिला सुना आल्या. तू पुढची संक्रांत पाहिली नाहीस. डॉक्टर म्हणाले, अंगात काहीच उरलं नव्हतं, खाणं सोडलेलं. गोळ्या असत्या तर जगली असतीस का, ते मला कोण सांगणार? पण वर येत होतीस तू, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

तर त्या स्टुलावर बसून मी नातीला विचारलं, "औषध मधेच एकदम तोडलं तर मासा परत खाली जातो का गं?" तिनं चमकून बघितलं. "का गं आजी? आपल्यात कुणाला होतं का असं?" आणि चौकशी नव्हती ती, खरंच विचारत होती, कारण म्हणाली, घरात होतं का हे ठाऊक असलेलं बरं असतं, आईलाही, मलाही. मी म्हणाले, माझ्या आईला होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले हे. "मग? गोळ्या घ्यायची का पणजी?" "घ्यायची." "मग बंद का केल्या?"

माय, ती समोर उभी होती, हातात ओली जाळी, तोंडावर तुझं नाक. मी म्हणाले, "तिनंच सोडल्या. हट्टी होती."

आता हे लिहिताना हा कागद फाडून तिच्या हातात द्यावा असं दोनदा मनात आलं. दिला नाय, आणि तुला धाडायला तर पत्ताच नाय. परवा तिथं "बिचारी," ती म्हणाली, "त्या वेळी कोण समजावणार बाईमाणसाला." आणि माझ्याजवळ बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी फिरवू दिला. खरं सांगते, तेवढा वेळ मला बरं वाटलं.