सतवाशाआधी घर

६ ऑक्टोबर, लातूर
बऱ्याच महिन्यांनी वही उघडतो आहे. माफी मागायची तर ती माझीच. एप्रिलपासून क्रॅश कोर्स, मग नव्या बॅचेस. सगळं वर्ष लोकांच्या मुलांना केमिस्ट्री शिकवण्यात जातं.

पुराच्या बातम्या वाचून झोप लागत नाही. नायगावच्या पुढे नदीकाठची घरं बसली आहेत. ठरवलं : क्लासमधून पंधरवड्याची रजा काढायची आणि एक घर उभं करायचं. एकच, पण पूर्ण. चेक देऊन मोकळं होणाऱ्यांतला मी नाही. शिवाय किल्लारीचा अनुभव गाठीशी आहे. (तेव्हा कॉलेजात होतो. दोन दिवस ब्रेड वाटला. पण पाहिलं पुष्कळ.)

शिल्पा म्हणाली, आधी बेसिनचा नळ गळतोय त्याचं पुनर्वसन करा. बायकोला मोठं चित्र दिसत नाही. असं लिहिणं योग्य आहे का? दिसत असेल तिलाही. नळ जरा जवळ आहे, एवढंच.

८ ऑक्टोबर
घर मिळालं. म्हणजे पडलेलं. जलीलभाई आणि जाहिदाभाभी. गाद्या भरायचं पिढीजात काम. कापूस सगळा वाहून गेला. मुलगी मनतशा देगलूरला दिलेली. महिनाअखेरीस तिला सातवा लागेल. सतवाशाला लेक माहेरी आणायची आणि पहिलं बाळंतपण आईकडेच करायचं, ही त्यांची रीत. म्हणजे तोवर छप्पर हवं. मी शब्द दिला. भाभी रडल्या.

एका मदतसंस्थेकडून मिळालेल्या त्यांच्या तंबूत त्यांनी मला उतरवलं. ते दोघं शाळेच्या वरांड्यात झोपणार. मी कडाडून विरोध केला. मग आडवा झालो.

१० ऑक्टोबर
सकाळी पाहतो तर जलीलभाई आणि शेजारचे किशनराव भिंत उचलत होते. कमरेपर्यंत आलीही होती. दगड आणि माती! हात जोडून थांबवलं. दगडमातीच्या भिंतींनी किल्लारीला काय केलं, ते आपणच विसरायचं? सिमेंटचा पट्टा हवा, चारही बाजूंनी.

जलीलभाई म्हणाले, "सर, भूकंप यील तवा यील. पानी तर आत्ता आलतं."

पत्र्याच्या तुकड्यावर कोळशाने आकृती काढून समजावलं. किशनराव म्हणाले, "उतरवा मग जलीलभाई. सर शिकल्यालं मानूस हाय." दिवस मावळेपर्यंत भिंत उतरवली. मीही चार दगड उचलले.

११ ऑक्टोबर
पाठ धरली आहे. पडून आहे. भाभींचा चहा फार गोड असतो. सांगणं बरं दिसत नाही. जेवताना कळलं की साखर आणि पीठ किशनरावांच्या बायकोकडून, सिंधुवहिनींकडून, उसनं येतं. अस्वस्थ झालो. उद्यापासून चहा एकच कप. अजिबात नाही घेतला तर त्यांचा अपमान होईल.

१३ ऑक्टोबर
संस्थेचा ट्रक आला. पत्रे आणि बांबू. जलीलभाई पुढे झाले. मी ट्रकवाल्यांना सांगितलं, हे घर माझ्याकडे आहे, इथे पक्कं होणार. ज्याला कुणी नाही त्याला द्या. पत्रे किशनरावांना मिळाले. त्यागाचा आनंद वेगळाच. जलीलभाई ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. भारावले असावेत.

भाभी म्हणाल्या, "आमचं बी कोन हाय, सर?"
म्हटलं, मी आहे ना.

१७ ऑक्टोबर
माजी विद्यार्थ्यांनी सिमेंट पाठवलं! सळई नाही, वाळू नाही. नदी घरात येऊन गेली, पण वाळू ठेवून गेली नाही. तरी थांबलो नाही. चुन्याची फक्की टाकून सगळा नकाशा जमिनीवर आखला. इथे चूल, इथे मनतशाची हवेशीर खोली. खिडकी कुठे हवी, भाभींना विचारलं. त्या रेषांच्या आत गेल्या. दार दाखवलं होतं तिथूनच गेल्या, कुठेही रेष ओलांडली नाही. बराच वेळ आत उभ्या होत्या.

फार बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर
अवकाळी पाऊस. सिमेंट बाहेर होतं. भाभींनी परवाच विचारलं होतं, पोती तंबूत घेऊ का. पण धुळीने मला खोकला येतो. आता पोत्यांच्या आकाराचे सुबक दगड झाले आहेत. पाणी लागलं की सिमेंट घट्ट का होतं, हे मी दरवर्षी शिकवतो.

जलीलभाई दगडावर हात फिरवून म्हणाले, "मजबूत झालं, सर." राग नव्हता. निदान मला तरी दिसला नाही.

२३ ऑक्टोबर
क्लासच्या संचालकांचा फोन. टेस्ट सिरीज सुरू, ताबडतोब या. मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे, नाही म्हणणं अनैतिक ठरेल. लातूरहून सळई, सिमेंटची सोय करून चार दिवसांत परत येतो, असं सांगितलं. भाभी म्हणाल्या, "तवर लेकीला कुठं उतरवू सर? फक्कीवर?"

विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

परत येणार याची खूण म्हणून चादर मुद्दाम तंबूत ठेवली.

९ नोव्हेंबर, लातूर
पेपर तपासणी. मदतीसाठी ग्रुपवर आवाहन टाकलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. जलीलभाईंचा फोन दोनदा येऊन गेला. वर्गात होतो. संध्याकाळी वर्गात नव्हतो. पण काय सांगायचं ते आधी ठरवून मगच फोन करणं प्रामाणिकपणाचं. अजून ठरलं नाही.

२८ नोव्हेंबर
सतवासा होऊन गेला असेल. मुबारक म्हणायला हवं. पण मग कुठे झाला, हेही विचारावं लागेल.

आता फोन येत नाही. म्हणजे त्यांची काहीतरी सोय झाली असावी.

१५ फेब्रुवारी
आज सुट्टी गाठून गेलो. फक्की पुसली गेली आहे. उतरवलेल्या भिंतीचे दगड लोकांनी आपापल्या जोत्यांना नेले. माझं सिमेंट तेवढं जागेवर आहे. किशनराव त्यावरच बसले होते.

जलीलभाई? "धर्माबादला गेले की. मिरचीच्या गोदामात काम करून राहिलेत दोघंबी. तिथंच पडवीत ऱ्हातेत."

मनतशा? "तिला कुठं आनावं? सासरीच झाली. पोरगी हाय. सासू म्हनली म्हनं, तुझ्या मायला दार तरी हाय का, जाती म्हनतीस ते? जाहिदाबाईनं अजून लेकराचं तोंड न्हाई बघितलं."

म्हटलं, मी येणारच होतो.

"हाव, सर. जाहिदाबाई बी तेच म्हनायची. दिवाळीपस्तोर म्हनायची."

सिंधुवहिनींनी आत चहाला बोलावलं, त्या पत्र्यांखाली. जाववेना. बसचं कारण सांगितलं. बसला पुष्कळ वेळ होता. निघताना वहिनींनी चादर आणून दिली. धुतलेली, चौघडी घातलेली. भाभी जाताना देऊन गेल्या होत्या. सर थंडीचे येतील म्हणून.

घरी आलो. शिल्पाने विचारलं, झालं का घर? चादर कपाटात ठेवली. नळाचा आवाज येत होता.

उद्या : नळाचा वॉशर आणणे.