पेटीची भवानी

रवि., २ फेब्रुवारी

नूरा मॅडमनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घे म्हणाल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं. "मंजिरी, यू आर सो ऑर्गनाइज्ड." हे वाक्य आलं की पाठोपाठ एखादं फुकटचं काम येतंच. आलं.

मदतनिधीची मोहीम. रमझानच्या आधी सगळ्या सरकारी खात्यांत असते. इथे आखातात कोणीही उठून वर्गणी काढू शकत नाही, परवाना असलेल्या संस्थेमार्फतच. संस्था पेटी देते, शिवाय पगारातून परस्पर कापून पैसेही देता येतात. किती जमले याला फार किंमत नाही, किती माणसांनी दिले ते बघतात. पहिल्या नंबरच्या खात्याला ढाल. गेल्या वर्षी आम्ही तळाला होतो आणि मॅडमना ते भयंकर लागलंय.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून "शुअर मॅडम" आलं. कपाळ माझं.

श्री मेसईदच्या कामावरून कंपनीच्या बसमध्ये झोप काढून आलेला, त्यामुळे हसायला ताजातवाना. म्हणे, तुला नाही म्हणता येत असतं तर आपलं लग्न तरी झालं असतं का.

मंगळ., ४ फेब्रु.

टेबलाटेबलावर हिंडले. लग्नाची पत्रिका वाटणारी बाई वाटत असेन. सगळे गोड बोलतात. "ऑफ कोर्स सिस्टर", "टुमॉरो सिस्टर". अ‍ॅडमिनचा हिशाम तर छातीवर हात ठेवून म्हणाला, इन्शाल्ला. मनापासून म्हणणारे असतात, नाही असं नाही. पण हिशामचा इन्शाल्ला म्हणजे फाइल कपाटात गेली, हे सहाव्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉक्युमेंट कंट्रोलर आहे मी. लोकांचे नकाशे शोधून देते. लोकांच्या खिशात हात घालायचं शिक्षण मला कोणी दिलेलं नाही.

बुध., ५ फेब्रु.

पेटी आली. काचेची, कुलूपबंद, छान आहे. लिफ्टसमोर ठेवली. दुपारपर्यंत साफ रिकामी. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो आणि फोन कानाला लावतो.

नाशिकला पप्पांचं भांड्यांचं दुकान. भवानी झाल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत, आणि भवानी हात बघूनच. समोरचे टेलरकाका मुद्दाम एक चमचा विकत घेऊन जायचे, त्यांचा हात चांगला म्हणून. मला तेच आठवलं. रिकाम्या पेटीत पहिली नोट कोण टाकणार? म्हटलं, चांगल्या हाताची भवानी झाली की पुढचं चालू होईल.

मजल्यावर चांगला हात एकच. पॅन्ट्रीतले व्यंकटीभाऊ. बिलोलीकडचे. चारचौघांत मला मॅडम म्हणतात, पॅन्ट्रीत ताई. मूळव्याध झालेल्या माणसालाही हसवतील असा स्वभाव. त्यांच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय हिशामसुद्धा कॉम्प्युटर लावत नाही. ते सरकारी नोकर नाहीत, माणसं पुरवणाऱ्या कंपनीचे आहेत. राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात.

त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं, आधी तेच म्हणाले होते, "मला बी टाकू द्या की ताई. मी काय परका हाय का?" तेव्हा मी नको म्हटलं. आज मीच बोलवायला गेले. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं दहाची नोट पेटीत टाकली, वर डोळे मिटून पेटीला नमस्कार. नोट टाकतानाच मी फोटो काढला. मनगटाला लाल दोरा, गालभर हसू. असला झकास फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

पोस्टरला कोणीच फोटो द्यायला तयार नव्हतं. लगेच हाच लावला. खाली ओळ टाकली, "देणारा हात आपल्याच मजल्यावरचा". मॅडम एकदम खूश. अरबी त्यांनी स्वतः लिहून दिलं.

गुरु., ६ फेब्रु.

भवानी फळली! पेटीचा तळ दिसेनासा झाला. "टी-बॉय गिव्ह्ज, आय कॅनॉट सिट," इति हिशाम. पगारातले फॉर्मही भरतायत लोक.

व्यंकटीभाऊंनी पोस्टरसमोर उभं राहून सेल्फी काढून बायकोला पाठवला. ती म्हणाली म्हणे, एवढं हसू घरी कधी दाखवलं नाय. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनं तो स्टेटसला ठेवला. "तिचं वर्ष निघालं की मी मोकळा ताई. मग हितं कोण ऱ्हातंय." कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे त्यांचं, म्हणून कंपनीनं पॅन्ट्रीत ठेवलंय. चहाचं काम कमरेला सोसतं.

रवि., १६ फेब्रु.

सगळं छान चाललेलं बघवत नाही कोणाला.

मॅडमनी पोस्टर कौतुकानं मुख्य कार्यालयात पाठवलं होतं. तिथून फोन. हा कोण? तुमचा कर्मचारी आहे का? कंत्राटी चहावाल्याकडून पैसे घेतलेत? कंत्राटी कामगारांकडून घ्यायचे नाहीत असा नियमच आहे. आणि चांगला नियम आहे! त्यांच्यावर दडपण नको म्हणून. हिशाम म्हणतो, एव्हरीबडी नोज. एव्हरीबडीमध्ये मी नव्हते. मला कोणी सांगायला नको?

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, "यू मेंट वेल, हबीब्ती."

सोम., १७ फेब्रु.

नोट परत करायची, असा हुकूम. पॅन्ट्रीत गेले. व्यंकटीभाऊ कप विसळत होते. पाठ माझ्याकडेच.

"दिलेलं परत घेत्यात का ताई?"

नियम सांगितला. ते म्हणाले, मग पयल्यांदा सांगायचं न. पोरीनं समद्या गावाला दाखवलं. रागानं नाही, नुसतं म्हणाले. नोट घेतली नाही. मी ओट्यावर ठेवली तर साखरेच्या डब्याखाली सरकवली, आणि दुपारी माझ्या बशीत बिस्किटाखाली परत आली. आता ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

बुध., १९ फेब्रु.

नवं पोस्टर. फोटो तोच. चेहरा, ट्रे सगळं कापलं, हात तेवढा ठेवला. लाल दोरा, नोट, पेटी. हिशाम म्हणतो, नाऊ नो प्रॉब्लेम, नो पर्सन.

व्यंकटीभाऊ लिफ्टमधून ट्रॉली काढताना तिकडे बघत नाहीत.

रवि., २ मार्च

कालपासून रोजे. ऑफिस नऊ ते दोन, पॅन्ट्री महिनाभर बंद, हे दरवर्षीचंच. पण दरवर्षी व्यंकटीभाऊ असतात, कपाटं घासतात, फोटोकॉपीचे कागद भरतात. आज नाहीत. हिशामला विचारलं. "नो टी, नो टी-मॅन," म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग खालच्या आवाजात, मुख्य कार्यालयातून कोणी चौकशीला आलं तर तो समोर दिसायला नको, असं वर ठरलं. कंपनीला कळवलं की माणूस बदला.

म्हणजे मी फोटो काढला नसता तर ते आज इथे कपाटं घासत असते. एवढं सरळ आहे.

सोम., ३ मार्च

कंपनीच्या सुपरवायझरला फोन. "मॅडम, आप क्यों टेंशन लेते हो? काम पे है वो. मेसईद साइड, गोडाऊन में."

मी म्हटलं, उनकी कमर का ऑपरेशन हुआ है. गोडाऊन में क्या काम? म्हणाला, गोडाऊन में गोडाऊन का काम. पोती. आणखी काय.

श्रीला म्हटलं, तू तिकडेच असतोस, बघ ना. तो म्हणाला, अगं, मेसईद काय आपली गल्ली आहे का? तरी दोन जणांना विचारलं त्यानं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकते म्हटलं, वर्गणी काढून त्यांना घरी पाठवू, तर उडालाच. "वेड लागलंय का? इथे अशी वर्गणी काढली तर उद्या तुलाच सोडवायला वर्गणी काढावी लागेल." खरं आहे त्याचं. आणि व्यंकटीभाऊंना पैसे नकोच आहेत. त्यांना पॅन्ट्री हवी आहे.

ओवीला सांगितलं तर म्हणाली, "आई, जस्ट टेल देम इट्स अनफेअर." कोणाला सांगू गं बाई? "आय डोन्ट नो. युअर ऑफिस, नो?"

गुरु., ६ मार्च

धीर करून मॅडमना सगळं सांगितलं. कमर, पोती, पोरीचं शेवटचं वर्ष. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं नाही लिहिणार. "मिस्कीन. हराम." म्हणजे बिचारा, पाप आहे हे. "आय विल कॉल देम." माझ्यासमोर फोन लावला, अरबीत चांगल्या कडक बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या, खलास, डन.

हलकं हलकं वाटलं. येताना पुरणासाठी डाळ घेऊन आले.

शनि., ८ मार्च

व्यंकटीभाऊंचा फोन.

"ताई, तुमी कुणाला काई बोललाव का?"

मॅडमच्या फोनमुळे कंपनीत हलकल्लोळ झाला. ह्यानंच मोठ्या माणसाकडे तक्रार केली, असं धरलं. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर वाट्टेल ते ऐकवलं. घरी जायचंय का, तिकीट काढू का, असं विचारलं. ह्यांनी हात जोडले.

"तुमी माज्यासाठीच केलं, मला कळतंय. पर आता काई करू नका ताई. तुमच्या पाया पडतो. तुमी काई केलं की माज्या अंगावर येतंय."

नाही करत म्हटलं. ते उलट मलाच म्हणाले, तुमी जेवलाव का?

फोन ठेवल्यावर रडले. श्रीनं जवळ घेतलं, तर त्याच्यावरच खेकसले. दुसरं कोण आहे खेकसायला?

शुक्र., १४ मार्च

राहवेना. काही करणार नाही, नुसतं भेटून येऊ, असं म्हणून संध्याकाळी इफ्तारनंतर कामगारांच्या बाजारात, एशियन टाउनला गेलो. व्यंकटीभाऊ सिनेमाच्या बाजूला उभे, इस्त्रीचा शर्ट. आत पट्टा बांधलेला, शर्टावरून कळतो. बसताना आधी टेबल धरलं.

मी पोळ्या आणि ठेचा नेला होता. ठेचा बघून हसले, पण पोस्टरवरचं ते हसू नव्हे. चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. श्री खिशात हात घालत होता तर त्याचा हात धरून ठेवला. "भावजी, हितं मी यजमान." चहा पाणचट होता. त्यांनी एक घोट घेतला, कप बघितला, आणि म्हणाले, ह्याला चा म्हणायलेत.

नोट नेली होती. काढायचा धीर झाला नाही. परत आणली.

उठताना विचारलं, "ईद झाली की पॅन्ट्री उघडल न ताई? मग बोलवतील न मला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं की बोलवणार नाहीत. खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, इन्शाल्ला.

त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं त्याच मजल्यावर चहा दिलाय त्यांनी. हिशामचा इन्शाल्ला मला कळतो आणि माझा त्यांना कळणार नाही असं होईल का?

गुरु., २० मार्च

पहिले आलो. ढाल मिळाली. सभागृहात पडद्यावर तो हात, भिंतीएवढा. लाल दोऱ्याचा सुटलेला धागासुद्धा दिसत होता. कोणीतरी वरिष्ठ म्हणाले, या एका चित्रानं सगळं सांगितलं. टाळ्या. माझं नाव घेतलं, मी जाऊन उभी राहिले. मॅडमनी ढाल माझ्या हातात दिली आणि फोटोसाठी हस म्हणाल्या.

हसले.

मोहिमेचे पैसे औषधांना जाणार, लांबच्या कुठल्या छावणीत. लेकरं वाचतील त्यातून. ते खोटं आहे असं मला म्हणायचंच नाहीये. म्हणता आलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

बुध., ९ एप्रिल

सुट्ट्या संपल्या. पॅन्ट्री उघडली. नवा माणूस आहे, केरळचा, बिचारा घाबरून चालतो. माझा चहा किती साखरेचा ते विचारायला आला. दोन चमचे म्हणून सांगितलं. व्यंकटीभाऊ दीड घालायचे आणि दोन घातले म्हणून सांगायचे.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षीही तूच. मी "शुअर मॅडम" म्हटलं का? म्हटलं.

पेटी संस्थेनं नेली. ढाल लिफ्टसमोर, पेटी होती तिथेच. नोट ड्रॉवरमध्ये. पेटीत टाकता येत नाही, खर्चता येत नाही, परत कोणी घेत नाही.

रवि., १३ एप्रिल

सकाळी पार्किंगमध्ये व्हॉइस मेसेज. मागे फोर्कलिफ्टची टूं टूं आणि व्यंकटीभाऊंचा आवाज. एवढंच.

"ताई. ईद झाली न."

तीनदा ऐकला. वर गेले, नव्या माणसाचा चहा प्यायले, खाली आले, परत ऐकला. त्यांना दोन निळ्या खुणा दिसल्या असतील. मी ऐकलंय हे त्यांना कळलंय.

बोट माइकवर ठेवते, "व्यंकटीभाऊ" म्हणते आणि पुसून टाकते. पुढे काय म्हणू?