पासवर्ड लागत नाही

आबा,

विद्यापीठाचं ग्रंथालय आता घरात बसून उघडता येतं. खोटं वाटेल तुम्हाला, पण खरंच. मोबाईलवर नाव घालायचं, पासवर्ड घालायचा, की मासिकं, प्रबंध, जुनी पुस्तकं सगळी समोर हजर. कुठलं पुस्तक कपाटात आहे आणि कुठलं कुणी नेलंय, तेसुद्धा खुर्चीतून न उठता कळतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग त्या एवढ्या मोठ्या इमारतीत आता म्हशी बांधत्यात व्हय?" हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी एम.ए. करत होते तेव्हाचं आठवतंय का? आई नुकतीच गेलेली. संदर्भाची पुस्तकं घरी न्यायला मिळायची नाहीत, ग्रंथालयातच बसून टिपणं काढावी लागायची. पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले तर तुम्ही पटका बांधून दारात उभे. म्हणालात, "एसटीचा काय भरवसा न्हाय. पोरगी एकटी अडकायची." उसाला पाणी पाजायचं काम काकांवर टाकलंत आणि शिरोळहून माझ्याबरोबर कोल्हापूरला आलात. त्या दिवशी आलात ते रोजच येत राहिलात. मी आत वाचत बसायची आणि तुम्ही बाहेर पायरीवर. एकदा तिथल्या शिपायानंच हाक मारली, "पावणं, भाईर कशाला बसलाय उन्हात? आत या की! पेपर वाचा." तुम्ही उठलात, आणि दारात वहाणा काढून ठेवल्यात. तो म्हणाला, "अवो, राहू द्यात पायात. हितं काय देव न्हाय." तर तुम्ही म्हणालात, "देव नसंल, बुकं हायत की." त्यानंतर रोज त्या भल्यामोठ्या वाचनकक्षाच्या दाराशी वहाणांचा एकच जोड असायचा. पोरं हसायची. मला मात्र ते बरं वाटायचं. पानावरनं मान वर केली आणि दारात वहाणा दिसल्या, की तुम्ही आत आहात हे कळायचं.

वर्तमानपत्र तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचायचा. चौथीपर्यंतचं शिक्षण तुमचं, एका बातमीला अर्धा तास जायचा. पण वाचण्यापेक्षा तुमचं बोलणंच जास्त. त्या शिपायाशी उसाचं, पुराचं, त्याच्या पोरीच्या लग्नाचं. येताना एसटीत तुम्ही मला सगळं सांगत यायचा, कोण काय म्हणालं, कुणाचं कुठं चुकलं. गावात उतरलो की तोंड बंद. घरात आईचा पाट भिंतीला टेकून उभा असायचा, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून जेवायचा. परीक्षा संपली, मला शाळेत नोकरी लागली. एका सकाळी तुम्ही पटका बांधून ओसरीवर बसला होता. मी म्हटलं, "आबा, आता कुठं जायचंय? काम झालं की तिथलं." तुम्ही विचारलंत, "बुकं संपली व्हय?" मी हसले आणि शाळेला गेले. पटका उतरवून तुम्ही पुन्हा शेताकडं गेला असाल.

आता माझं ऐका. कोल्हापुरातच घर आहे. शाळेतून निवृत्त झाले, तुमचे जावई गेले, मुलगा परदेशात. रविवारी त्याचा फोन येतो, तोही बिचारा घाईत. एकटं वाटतं, आबा. सरळच सांगते, फार एकटं वाटतं. दुपारी फ्रिजची घरघर थांबली तरी कळतं. म्हणून माजी विद्यार्थी म्हणून ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं. कारण काय सांगायचं, तर आपल्या नदीकाठच्या गावांवर काही लिहायचंय. संगणकाच्या विभागात एक मुलगी बसते. एकदम बिनधास्त, अस्सल कोल्हापुरी, मुलगी असून 'मी करतो' म्हणणारी. "काकू, असं न्हाय, नुसतं गावाचं नाव टाका, मी दावतो की," असं म्हणत तिनं मला प्रबंध शोधायला शिकवलं. आपल्या गावाचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तीच माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. मग एक दिवस म्हणाली, "कशाला एवढा हेलपाटा घालताय उन्हातान्हाचं? घरातनंच उघडतंय की सगळं!" आणि पासवर्ड करून दिला. चांगल्या मनानं दिला. मी मात्र त्या दिवशी ग्रंथालय बंद होईपर्यंत जागची उठले नाही.

घरी येऊन घातला तर पहिल्या फटक्यात लागला. सगळं समोर आलं, अगदी तिथल्यासारखं. फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज नाही, कुणाचं खोकणं नाही, "काकू" नाही. मी ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगितलं, "लागत न्हाय गं बाई." तिनं नवीन करून दिला. पुढच्या आठवड्यात तोही लागला नाही. एकदा मी मोठी अक्षरं विसरले, एकदा घरचं इंटरनेट गेलं. शाळेत पोरांच्या थापा पकडण्यात जन्म गेला माझा, आणि आता या वयात स्वतः मारतेय! आज ती म्हणाली, "उद्या मोबाईल घेऊन या, कायमचं नीट करून टाकतो." मी पिशवीत उगीच चष्मा शोधायला लागले. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग संगणकाकडं तोंड करून म्हणाली, "पर काकू, मला वाटतंय ते उद्या बी लागायचं न्हाय. तुम्ही आपलं चहाच्या वक्ताला येत जावा. मी बघतो रोज."

तिला कळलंय, आबा. त्या शिपायालाही तुमचं कळलं असणार. आत्ता हे तिथल्याच टेबलावर बसून लिहितेय. चपला टेबलाखाली काढून ठेवल्यात, फरशी गार लागतेय. हा कागद घरी नेऊन घडी घालून ठेवीन, दुसरं काय करणार. एकच सांगायचं राहिलं होतं. एसटी रोज वेळेवर यायची. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही आला नसता.