पत्राच्या कोपऱ्यातला थेंब

३ मार्च

ती. बाबांस सा. न., आईला घट्ट मिठी.

जुना पिकअप घेतला. विचारून नाही, घेऊन सांगते आहे. रागावून झालं की पुढे वाचा. रोपवाटिकेतली रोपं डोंगरावरच्या शाळेत पोचवायचं काम वीस तारखेला सुरू होतंय. गाडी ऑटोमॅटिक आहे. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. सकाळी गिअरच्या तेलाची दांडी काढून पाहिली, तेल खुणेपर्यंत आहे. वीसला गाडी चढली नाही तर काम दुसऱ्याला जाईल. काय करू?

तुमची, खटपट

६ मार्च

चि. खटपट हिस अनेक आशीर्वाद, कान पिरगळून.

फोनवर तू ओरडतेस तरी मला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. बंद इंजिनात गार तेल पाहिलंस ना? मेकॅनिकच्या पोटी जन्मून ही अक्कल. अर्धा तास गाडी फिरव, सपाट जागी उभी कर, हँडब्रेक ओढ. इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकदा फिरव आणि पार्कवर आण. मग दांडी पुसून पुन्हा घाल आणि बघ. आणि पत्राच्या कोपऱ्यावर त्या तेलाचा एक थेंब टाकून पाठव. जुन्या तेलाचा रंग फसवतो, वास फसवत नाही. तो मी बघतो.

बाबा

१० मार्च

ती. बाबांस सा. न.

हार मानली. तेल खुणेच्या बोटभर खाली आहे. थेंब उजव्या कोपऱ्यात टाकलाय. नुसतं वरून घालू की सगळं बदलू? आता फक्त दहा दिवस उरलेत.

खटपट

१३ मार्च

चि. खटपट हिस आशीर्वाद.

तेल बदल. खालचं भांडं सोडव, तेल गाळायची जाळी नवी बसव. भांड्यातल्या चुंबकावर राखाडी लगदा असेल तर घाबरू नकोस. लोखंडाचे तुकडे असले तर मात्र चढावर जाऊ नकोस. निघेल तेवढंच मोजून घाल, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच, आणि गरम करून पुन्हा बघ, कमी दिसलं तर थोडं थोडं घालत खुणेपर्यंत आण.

आता खरं सांगतो. मी कागद नाकाशी धरला आणि मला काहीच आलं नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून कसलाच वास येत नाही. गॅरेज त्यासाठीच बंद केलं, गुडघे हे निमित्त. तेल चांगलं आहे, वरून घाल, असं लिहायला बसलोच होतो. तेवढ्यात तुझ्या आईने कागद ओढला आणि म्हणाली, करपलंय हे. चाळीस वर्षं माझे शर्ट धुतलेत तिने. मला लाज वाटली. तिला यातलं काही सांगू नकोस.

बाबा

२४ मार्च

चि. खटपट हिस आईचे आशीर्वाद.

गाडी चढली, रोपं पोचली, हे वाचून यांनी तुझं पत्र शेजारी नेऊन दाखवलं. चुंबकावर लगदाच होता, हे दोनदा वाचायला लावलं.

मागचं पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच दिलं होतं. मी वाचलं. लेकीला जाणारं पत्र आईने वाचू नये, असं कुठे लिहिलंय? पण मला ते आधीच ठाऊक होतं. ताप उतरला त्याच आठवड्यात दूध करपलं होतं आणि हे कप संपवून म्हणाले, छान झालाय चहा. तेव्हापासून काहीही करपलं की मीच आधी मोठ्याने सांगते. त्यांना ओळखायची वेळच येऊ देत नाही.

तू मला काही कळवलेलं नाहीस, असंच राहू दे. सांगायचं तेव्हा ते सांगतील. मला घाई नाही.

तुझी, आई