साळिंदराचं बस्तान

४ मार्च, सोमवार. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. डोंगराकडच्या साळिंदर छाप बिअरची इथली एजन्सी मला मिळाली. तिकडे म्हणे लोक दुसऱ्या बाटलीला हात लावत नाहीत. इकडे कुणी नावसुद्धा ऐकलेलं नाही. म्हणजे मैदान मोकळं.
करार वर्षाचा. भरलेली बाटली कंपनी परत घेत नाही, फक्त रिकामी. जेवढे रिकामे क्रेट जातील तेवढे विकले असं धरतात, आणि त्याच्या दुप्पट भरलेले आपोआप येतात. हे दुपटीचं कलम मी हट्टानं घालून घेतलं. कंपनीचे साहेब म्हणत होते, काका, सुरुवातीला नको. मी म्हटलं, साहेब, चौतीस वर्षं पाण्याचे पंप विकलेत मी.
हिनं विचारलं, तुम्ही कधी चाखून तरी बघितलीय का? काय पण प्रश्न! पंप काय मी चाखून विकले?

५ मार्च, मंगळवार.
एकशे वीस क्रेट उतरले. एका क्रेटात बारा बाटल्या. माल थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचा असतो. तशी एकच खोली, मागची, लेकीची. लग्नानंतर ती बंदच असते. क्रेट लावता लावता खिडकी झाकली गेली, म्हणजे अंधाराचीही सोय झाली. गोडाऊनवाला जागा हवी का विचारायला आला होता. त्याला हात हलवत परत पाठवलं.

८ मार्च, शुक्रवार.
चौकातल्या बारमध्ये गेलो. मालकाला सगळे मुंडी म्हणतात, कारण तो बोलत नाही, नुसती मान हलवतो. त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ मान हलवली. कुठल्या दिशेनं ते नीट कळलं नाही. होकारच असावा. दोन क्रेट ठेवून आलो.

११ मार्च, सोमवार.
दोन्ही क्रेट परत. उघडलेल्या बाटल्या तीन. गिऱ्हाइकांचं म्हणणं, जळक्या लाकडाचा वास येतो आणि घशाला टोचते. मी तिथल्या तिथे पत्रक वाचून दाखवलं: किंचित धुरकट, मागे रेंगाळणारी चव. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, काका, रेंगाळते खरी, शनिवारपासून जातच नाहीये.
म्हणजे लक्षात राहिली! नव्या मालाला आणखी काय हवं?

१४ मार्च, गुरुवार.
लेकीचा फोन. सहावा महिना. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, पलंगावरून उतरू नको म्हणालेत. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, जावई बोटीवर. एकतीसला येतेय, बाळ होईपर्यंत राहील. शेवटी हळूच म्हणाली, बाबा, माझी खोली आहे ना? मी म्हटलं, आहे म्हणजे काय, तुझीच वाट बघतेय.
फोन ठेवला तर ही समोर उभी. मागच्या खोलीची किल्ली तिनं माझ्या हातावर ठेवली.
निश्चय: पंचवीस तारखेपर्यंत खोली रिकामी. शब्द म्हणजे शब्द.

१८ मार्च, सोमवार.
सहा बार, दोन हॉटेलं, एक क्लब. क्लबच्या मॅनेजरनं बाटली उजेडात धरून बघितली, लेबलवरचं साळिंदर फार सुरेख काढलंय म्हणाला, मग एक फोन घ्यायला आत गेला. तासभर बसलो. फोन मोठा असावा.
शेजारच्या मास्तरांनी सर्दीवर म्हणून दोन बाटल्या नेल्या. सर्दी गेली म्हणतात, पण तेव्हापासून नाकाला वासच येत नाही. निम्मा गुण आला म्हणायचं.

२१ मार्च, गुरुवार.
साहेबांना फोन केला, माल तात्पुरता परत न्या. साहेब म्हणाले, काका, भरलेला कसा नेऊ? रिकामा असता तर लगेच ट्रक पाठवला असता.
गोडाऊनवाल्याकडे गेलो. जागा पंखेवाल्यांना गेली. त्यानं मला नुसता हात हलवून दाखवला.
मास्तरांकडे दोन क्रेट फुकट द्यायला गेलो. मास्तर घरात नव्हते. चपला दारात होत्या.

२३ मार्च, शनिवार. दुपार.
दाढी करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाट तर साहेबांनीच दाखवली! रिकामा असता तर! मग करू की रिकामा. हिनं विचारलं, आणि तो करार? मी म्हटलं, करारात ओतायला कुठे मनाई आहे?

२६ मार्च, मंगळवार.
बुचं उघडून तळहाताला फोड आले. परवा एकट्यानं कशीबशी दोनशे केली. कालपासून ही स्टूल घेऊन बाथरूममध्ये समोर बसली. मी बाटल्या उघडायच्या, तिनं ओतायच्या. इतका वेळ आम्ही समोरासमोर शेवटचे कधी बसलो होतो, आठवत नाही. लेकीच्या जन्माच्या गोष्टी निघाल्या. त्या दिवशी मी पंपांच्या प्रदर्शनाला गेलो होतो, हे ती विसरलेली नाही.
फेस गटारातून गल्लीभर झाला, मास्तरांच्या मोरीतून वर आला. मास्तर पायजमा वर धरून ओरडत आले, हे काय चाललंय? मी म्हटलं, मास्तर, मालाचा उठाव वाढलाय.

२९ मार्च, शुक्रवार.
एकशे वीस क्रेट गेले! ट्रकवाल्यानं मला सलाम ठोकला. खोली तीनदा पुसली. खिडकी उघडली, पलंगावर स्वच्छ चादर घातली. धुरकट वास आहे थोडा, पण प्रसन्न वाटतं.
साहेबांचा फोन. काका, पंचवीस दिवसांत सगळा माल! नवा बाजार असा कुणीच उघडला नव्हता! मी एवढंच म्हटलं, अनुभव, साहेब. ठेवताना ते म्हणाले, तुमचं ते कलम मी उगाच अडवत होतो. कुठलं कलम, ते विचारायचं राहिलं.

३१ मार्च, रविवार. दुपारी चार. बाथरूम.
सकाळी लेकीची टॅक्सी गल्लीत शिरेना, कारण पुढे ट्रक उभा. दोनशे चाळीस क्रेट. वर फ्रेम केलेलं मानपत्र.
ही दारात उभी राहिली आणि ट्रकवाल्याला म्हणाली, मागची खोली सोडून कुठेही उतरवा. त्यानं शब्दशः ऐकलं. हॉल गेला, आमची खोली गेली, स्वयंपाकघरात शेगडीपुरती वाट आहे. लेक खिडकीशी पडलीय, ही तिच्या पायाशी. बूड टेकायला मला ही एकच जागा. मानपत्र बादलीवर ठेवलंय.
मघाशी लेकीनं विचारलं, बाबा कुठेत गं? ही म्हणाली, ऑफिसात.
रिकामे परत दिले तर चारशे ऐंशी येणार. नाही दिले तर हे वर्षभर इथेच. बाळ जूनमध्ये.
आत्ताच हिनं दाराच्या फटीतून ओपनर आत सरकवला.
एक उघडली. ओतण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, एक घोट घेतला.
मुंडी नाही म्हणत होता.